बांधाच्या आधाराने उभा देश : लिश्टेनस्टाइन

बँकेच्या नोकरीत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला लिश्टेनस्टाइन हे नाव अपरिचित नसते. मात्र ते आमच्या कानांवर येई ते वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांतून. गुप्त खाती, नाममात्र कंपन्या आणि करचुकवेगिरी यांच्या संगतीत. हा एक खराखुरा देश आहे, तिथे नदी वाहते, दरडी कोसळतात, उन्हाळ्यात गाई डोंगरावर चरायला जातात, याचा विचार मी कधी केला नव्हता. गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही उभयता झुरिचला मुलीकडे गेलो होतो. तेव्हा जावईबापू सहज म्हणाले, "बाबा, इथून दीड-दोन तासांवर एक अख्खा देश आहे. चार दिवस राहून या. पायी चाललात तरी पाहून होईल."

निघण्यापूर्वी सांगलीला थोरल्या बंधूंना, आमच्या दादांना, फोन केला. दादांचे वय अठ्ठ्याहत्तर. वडिलांनी, म्हणजे आबांनी, जुन्या पेठेत घातलेले कापडाचे दुकान ते आजही सांभाळतात. मी देशाचे नाव सांगितले, लहानसा डोंगराळ देश आहे, ऱ्हाइन नदीच्या काठी आहे, असे सांगितले. दादांनी बाकी काही विचारले नाही. म्हणाले, "नदीकाठी आहे का? मग पुराचं काय करतात रे ते लोक? जरा बघून ये."

हा प्रश्न त्यांनी का विचारला हे सांगलीकर वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. इतरांसाठी त्याचा खुलासा पुढे ओघाने येईल. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा हा पहिलाच प्रयत्न. दादांच्या त्या एका प्रश्नाला धरूनच मी तो देश पाहिला, असे म्हटले तरी चालेल.

झुरिचहून आगगाडीने सार्गान्स हे स्वित्झर्लंडमधील स्टेशन गाठायचे आणि तिथून बस पकडायची. लिश्टेनस्टाइनला विमानतळ नाही. रेल्वेचा जेमतेम नऊ किलोमीटरचा मार्ग त्याच्या हद्दीतून जातो आणि त्यावरील गाड्याही ऑस्ट्रियाची रेल्वे चालवते. बस ऱ्हाइनवरील पूल ओलांडून पलीकडे गेली. कोणी पारपत्र विचारले नाही, कोणी थांबवले नाही. १९२३ मध्ये या देशाने स्वित्झर्लंडशी जकातीचा करार केला, तो पुढील वर्षारंभापासून अमलात आला, आणि तेव्हापासून दोन देशांमध्ये जकातनाका उरला नाही. चलनही स्विस फ्रँकच. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचे चलन कोसळले तेव्हा त्या चलनात साठवलेली इथल्या शेतकऱ्यांची पुंजी मातीमोल झाली होती. त्यानंतर त्यांनी पूर्वेकडे पाठ केली आणि पश्चिमेच्या शेजाऱ्याचा हात धरला.

देशाचे क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर. म्हणजे बृहन्मुंबईच्या पाव हिश्श्याहून किंचित अधिक. दक्षिणोत्तर लांबी सुमारे २५ किलोमीटर, आणि रुंदी अधिकात अधिक १२. लोकसंख्या सुमारे चाळीस हजार, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. जगातील आकाराने सहाव्या क्रमांकाचा लहान देश. त्याला समुद्र नाही, आणि त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनाही नाही. असे भूवेष्टित देशांनी वेढलेले देश जगात दोनच, एक हा आणि दुसरा उझबेकिस्तान. इथल्या माणसाला समुद्र गाठायचा तर किमान दोन परक्या सीमा ओलांडाव्या लागतात.

माझ्यातल्या बँकवाल्याला आणखी एका गोष्टीची मौज वाटली. हा देश जिंकून मिळवलेला नाही, तर तो विकत घेतलेला आहे. होहेनेम्सचे सरदार कर्जबाजारी झाले, तेव्हा व्हिएन्नातील धनाढ्य लिश्टेनस्टाइन घराण्याने १६९९ मध्ये उत्तरेकडची शेलेनबर्गची जहागीर आणि १७१२ मध्ये दक्षिणेकडची फाडुट्सची जहागीर विकत घेतली. सम्राटाच्या दरबारात मानाची जागा मिळवायची तर थेट सम्राटाच्या अखत्यारीतील जमीन नावावर हवी, एवढाच हेतू. १७१९ मध्ये दोन्ही जहागिरी मिळून संस्थान झाले आणि घराण्याचे आडनाव देशाला मिळाले. पण खरेदीदारांना आपली जमीन पाहण्याची घाई नव्हती. पहिला राजा या भूमीवर पाऊल ठेवता झाला तो १८४२ मध्ये, आणि इथे कायम राहायला राजा आला तो १९३८ मध्ये. तोवर ही भूमी सांभाळली ती इथल्या शेतकऱ्यांनी, आणि मुख्यतः दोन शत्रूंपासून: समोरून नदी आणि मागून डोंगर.

हे दोन शत्रू समजले की या देशाचा सारा भूगोल समजतो. आम्ही शान या गावी एका छोट्या निवासगृहात उतरलो होतो. पहिल्याच संध्याकाळी गावामागच्या चढणीवर गेलो आणि खाली पाहिले. पश्चिमेला ऱ्हाइन, सरळ रेषेत आखल्यासारखी, दोन्ही बाजूंना बांध. नदीच्या अलीकडे सपाट, हिरवी, आयताकृती शेते. शेतांच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, पंख्यासारखी पसरलेली उतरती जमीन, आणि तिच्यावर गावे. गावांच्या मागे द्राक्षमळे, मग दाट अरण्य, त्यावर कुरणे आणि सर्वांत वर उघडा खडक. देशाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जंगलाचा आहे. सर्वांत सखल जागा उत्तरेकडील रुगेलची पाणथळ, समुद्रसपाटीपासून ४३० मीटर. आणि सर्वांत उंच दक्षिण सीमेवरचे ग्राउश्पित्स शिखर, २५९९ मीटर. म्हणजे रुंदी बारा किलोमीटर आणि उंचीतला फरक दोन किलोमीटरांहून अधिक!

गावे नदीकाठच्या सपाट जमिनीवर का नाहीत, पंख्यासारख्या उतारावरच का, हे मला प्रथम उमगले नाही. उत्तर असे की सपाटी नदीची होती. ऱ्हाइन वाटेल तेव्हा पात्र बदलत असे, आणि ती सारी जमीन दलदल होती. पंख्याचे उतार डोंगरातील ओढ्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांचे. ते नदीहून काहीसे उंच, म्हणून लोक तिथे वसले. पण जे ओढे हे उतार रचतात, तेच मुसळधार पावसात चिखल, दगड आणि झाडे घेऊन गावावर येतात. या चिखलदगडाच्या लोंढ्याला तिथल्या बोलीत ऱ्यूफे म्हणतात. प्रत्येक गावाच्या माथ्यावर असे लोंढे अडवण्यासाठी आडवे बांध आणि दगड साठायला खोलगट खड्डे केलेले आहेत. वरून लोंढा आणि खालून पूर, यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर देश उभा आहे.

त्या संध्याकाळी एक घरगुती प्रश्नही उभा राहिला. सौ.चा सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम आहे. जूनमध्ये तिथे सूर्यास्त रात्री सव्वानऊच्या सुमारास होतो, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण त्याच्या बऱ्याच आधी सूर्य समोरच्या स्विस पर्वतरांगेमागे गेला. आभाळ लख्ख होते, पण खोऱ्यात सावली पसरली. "अहो, आता सूर्य मावळला म्हणायचा की नाही?" तिने विचारले. मी घड्याळ दाखवले, तिने डोंगर दाखवला. अखेर तिने डोंगराचाच सूर्यास्त मानला आणि पुढचे तीन दिवस आम्ही लवकर जेवलो. पण त्या निमित्ताने ध्यानात आले की एका खोऱ्यात दोन सूर्यास्त होतात. पश्चिमेच्या डोंगराला चिकटलेल्या स्विस गावांवर सावली आधी पडते, फाडुट्सच्या बाजूला ऊन रेंगाळते. सकाळी याच्या उलट: पलीकडची गावे उन्हात न्हालेली असतात आणि आमच्या शानवर मागच्या डोंगराची छाया असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो. फाडुट्स ही राजधानी, पण तिचे रूप एखाद्या नीटनेटक्या बाजारपेठेचे. खडकाच्या कड्यावर राजाचा किल्ला आहे. राजा तिथे राहतो, म्हणून किल्ला आतून पाहता येत नाही. या देशाचा राष्ट्रीय दिन आपल्यासारखाच १५ ऑगस्टला असतो आणि त्या दिवशी राजा प्रजेला किल्ल्याच्या हिरवळीवर बोलावतो, हे ऐकून सौ.ला फार आनंद झाला. तिथून बस वळणे घेत ट्रीझेनबर्गला चढते. हे गाव उतारावर विखुरलेले, कांद्याच्या आकाराच्या घुमटाचे चर्च असलेले. इथले लोक वाल्सर. सुमारे सातशे वर्षांपूर्वी पश्चिमेकडील वालिस प्रदेशातून आलेले हे डोंगरी शेतकरी. खालच्या चांगल्या जमिनी आधीच व्यापलेल्या होत्या, म्हणून त्यांनी इतरांना नको असलेली चढणीची जमीन घेतली. त्यांची बोली आजही खालच्या गावांहून वेगळी आहे.

ट्रीझेनबर्गच्या वर रस्ता एका बोगद्यात शिरतो. हा मोटारींचा बोगदा १९४७ मध्ये झाला. त्यातून बाहेर पडलो आणि जणू दुसऱ्याच देशात आलो. ऱ्हाइन दिसेनाशी झाली, खोरे अरुंद झाले, हवा गार झाली. इथले पाणी ऱ्हाइनकडे सरळ उतरत नाही. सामीना नावाची छोटी नदी उत्तरेकडे वाहत ऑस्ट्रियात जाते आणि तिथल्या नदीला मिळून मोठ्या वळशाने ऱ्हाइनला पोहोचते. एवढ्याशा देशाच्या मधोमध जलविभाजक आहे, आणि पूर्वी हिवाळ्यात हा अर्धा देश उरलेल्या अर्ध्यापासून तुटल्यासारखा असे. श्टेग येथे उन्हाळी वस्तीच्या जुन्या लाकडी झोपड्या पाहिल्या. त्या एकमेकींना लागून रिंगण करून उभ्या आहेत आणि मधली गवताची जमीन मोकळी ठेवलेली आहे. घर बांधायचे ते कडेला; गवत पिकवणारी जमीन सर्वांच्या मध्ये.

रस्त्याच्या शेवटी माल्बुन, १६०० मीटर उंचीवरचा वाडग्यासारखा सपाट प्रदेश, तिन्ही बाजूंनी शिखरे. हिवाळ्यात इथे बर्फावरून घसरण्याचे खेळ चालतात. आम्ही गेलो तेव्हा कुरणे पिवळ्या-जांभळ्या फुलांनी भरलेली होती आणि गाई नुकत्याच वर आल्या होत्या. त्यांच्या गळ्यातील घंटांचा नाद एवढाच काय तो आवाज. सप्टेंबरात गाई खाली उतरतात तेव्हा चांगले दूध देणाऱ्या गाईंच्या कपाळावर सजवलेले लाकडी हृदय बांधतात, आणि नंतर ते हृदय गोठ्याच्या किंवा घराच्या भिंतीवर लावतात. खालच्या गावांत अशी हृदये आम्ही अनेक घरांवर पाहिली. सौ. म्हणाली, "आपला बैलपोळाच की हा!"

तिसरा दिवस मी नदीसाठी राखून ठेवला होता. फाडुट्सजवळ ऱ्हाइनवर छप्पर असलेला लाकडी पूल आहे, १९०१ मध्ये बांधलेला, १३५ मीटर लांब. आता त्यावरून फक्त पायी आणि सायकलने जाता येते. पुलाच्या मध्यावर सीमारेषा आहे. एक पाय एका देशात आणि दुसरा दुसऱ्यात ठेवून आम्ही फोटो काढला. खाली बर्फ वितळलेले राखाडी-हिरवे पाणी प्रचंड वेगाने धावत होते. बांधावरून उत्तरेकडे चालू लागलो. एका बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते, ऐंशीच्या घरातले, निवृत्त शिक्षक. त्यांचे इंग्रजी माझ्यासारखेच जपून पावले टाकणारे होते, त्यामुळे आमचे छान जमले. मी दादांचा प्रश्न त्यांना विचारला. ते हसले, आणि मग जवळजवळ दोन तास बोलत राहिले. त्यांचे बोलणे आणि नंतर जावईबापूंच्या मदतीने मी जे वाचले, ते एकत्र करून सांगतो.

पूर्वी दोन्ही काठांचे लोक आपापल्या बाजूने नदीत तिरके दगडी धक्के बांधत. त्यांचा उद्देश पाण्याचा मारा आपल्याकडून ढकलून समोरच्या काठावर घालणे. समोरचे मग त्याहून मोठा धक्का बांधत. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले. भांडणे झाली, आणि पूर दोघांच्याही शेतात येत राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दोन्ही बाजूंनी करार केला की यापुढे तिरके धक्के नाहीत. दोन्ही काठांवर नदीला समांतर बांध घालायचे. आज ऱ्हाइन सरळ दिसते ती त्यामुळे. आलमट्टीवरून दोन राज्यांत चाललेली तक्रार आम्ही सांगलीकर दर पावसाळ्यात ऐकतो. त्यामुळे हा भाग मी त्यांना दोनदा सांगायला लावला.

पण समांतर बांधांनी प्रश्न सुटला नाही. ऱ्हाइन वरच्या डोंगरांतून प्रचंड खडी आणते. खोऱ्यात उतार कमी झाला की ती खडी खाली बसते. पूर्वी ती साऱ्या खोऱ्यात पसरत असे. आता दोन बांधांमध्येच साठू लागली. पात्र वर्षावर्षाने उंच होत गेले, म्हणून बांध उंच केले. पात्र आणखी उंचावले. नदी आजूबाजूच्या शेतांच्या वरून वाहू लागली. डोंगरातील ओढ्यांना नदीत उतरायला वाट राहिली नाही. त्यांच्यासाठी बांधात ठेवलेल्या खिंडींमधून पुराच्या वेळी उलट नदीचेच पाणी आत येई.

२५ सप्टेंबर १९२७ रोजी वरच्या खोऱ्यांत अतिवृष्टी झाली. शानजवळच्या रेल्वेपुलाशी पाणी तुंबले आणि लिश्टेनस्टाइनच्या बाजूचा बांध फुटला. शानपासून उत्तरेकडे थेट रुगेलपर्यंत सपाटीचे सरोवर झाले. या शिक्षकांची आई तेव्हा सात वर्षांची होती. "आई सांगत असे," ते म्हणाले, "पाण्याची भीती एका रात्रीची होती. पाणी गेल्यावर शेतात जी खडी आणि वाळू राहिली, ती पाहून माझे आजोबा पहिल्यांदा रडले."

हे ऐकताना मी सांगलीला पोहोचलो होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आमच्या पेठेत शिरले. दुकानाचा तळमजला पूर्ण बुडाला. पाणी ओसरल्यावर आम्ही शटर उघडले तेव्हा कापडाचे गठ्ठे फुगून एकमेकांत रुतलेले होते आणि सर्वत्र तो काळा चिखल. दादा मालाकडे न पाहता मागच्या कपाटाकडे गेले. तिथे आबांच्या हातच्या खतावण्या होत्या. पाने एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. दादा ती वीट हातात घेऊन पायरीवर बसले. विम्याचे काही पैसे मिळाले, काही नुकसान अंगावर पडले. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. पुतण्या म्हणू लागला, पेठ सोडू, विश्रामबागला उंचावर नवे दुकान घेऊ. मी बँकेतला माणूस; मी कागदावर हिशेब मांडून दिला. नुकसान, व्याज, जागेची किंमत, सारे लिहून खाली निष्कर्ष काढला की विकणे शहाणपणाचे. दादांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पाण्याला भिऊन उठायचं असतं तर आबाच उठले असते." त्यानंतर काका-पुतण्यांत त्या विषयावर बोलणे बंद झाले. घरात अबोला नव्हता, पण दुकानाचा विषय निघाला की कोणीतरी उठून जाई. याच पार्श्वभूमीवर दादांनी मला तो प्रश्न विचारला होता.

लिश्टेनस्टाइनची कथा पुराबरोबर संपली नाही. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, दुसरा बांध फुटला, आणि तो माझ्या व्यवसायातला होता. राज्याच्या बचत बँकेतील काही जबाबदार माणसांनी ठेवीदारांचा पैसा सट्टेबाजीच्या व्यवहारांत गुंतवल्याचे उघड झाले. शेतात खडी, आणि बँकेत खड्डा. सरकार कोसळले, निवडणुका झाल्या. चलन कोसळून पुंजी जाऊन दहा वर्षेही झाली नव्हती. मी जन्मभर ताळेबंद तपासले; पण एका गरीब शेतकरी देशावर दहा वर्षांत आलेले हे तीन घाव पाहिले आणि मन सुन्न झाले. आजच्या श्रीमंतीमागे हा काळ आहे, हे आमच्या अर्थविषयक पानांनी कधी सांगितले नव्हते.

आणि याच काळोखात एक फार सुंदर गोष्ट घडली. पिएर सेरेसोल नावाचे स्विस अभियंता होते. युद्धाला त्यांचा विरोध होता. सैन्यासाठीचा कर भरायला त्यांनी नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगवास सोसला. सैन्यात जायचे नसेल तर त्याऐवजी समाजाची अंगमेहनतीने सेवा करावी, या विचाराने त्यांनी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवकांची संघटना उभारली होती. १९२८ मध्ये त्यांच्या हाकेला ओ देऊन सुमारे वीस देशांतून सातशेहून अधिक स्त्रीपुरुष लिश्टेनस्टाइनला आले आणि फावडी, घमेली आणि ढकलगाड्या घेऊन त्यांनी शेतांतली खडी उपसली. महायुद्ध संपून दहाच वर्षे झाली होती. ज्यांचे देश एकमेकांवर तोफा डागत होते ते एका परक्या शेतकऱ्याची जमीन साफ करत होते. लिश्टेनस्टाइनने स्वतःचे सैन्य १८६८ मध्येच विसर्जित केले होते. त्या भूमीला मदत मिळाली तीही अशा निःशस्त्र माणसांकडून.

पुढचा भाग मला ठाऊक नव्हता, तो शिक्षकांनी सांगितला. जानेवारी १९३४ मध्ये बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला, तेव्हा हेच सेरेसोल सहकाऱ्यांना घेऊन हिंदुस्थानात आले आणि मुझफ्फरपूरच्या परिसरात उद्ध्वस्त गावे पुन्हा वसवण्याच्या कामात राबले. ऱ्हाइनकाठी धरलेले फावडे गंगेच्या खोऱ्यापर्यंत आले. "म्हणजे तुमचे आमचे नाते जुने आहे," असे म्हणून त्या गृहस्थांनी माझा हात हातात घेतला.

मग मी मुद्द्यावर आलो. "इतके झाल्यावर लोक उठून गेले का?"

"कुठे जाणार? देशच एवढा!" ते म्हणाले. मग त्यांनी बांधाच्या आतल्या बाजूला, शेतांमधून वाहणाऱ्या एका शांत कालव्याकडे बोट दाखवले. १९३१ ते १९४३ या काळात हा कालवा खणला गेला, सुमारे २६ किलोमीटर लांबीचा. डोंगरातून येणारे ओढे आता ऱ्हाइनला भेटायला जात नाहीत. ते या कालव्यात उतरतात, कालवा नदीला समांतर वाहत उत्तरेला जातो आणि देशाच्या टोकाशी, रुगेलजवळ, ऱ्हाइनला मिळतो. त्यामुळे बांधातल्या खिंडी बुजवता आल्या आणि ओढ्यांच्या पाण्यालाही वाट मिळाली. मंदीच्या त्या दिवसांत बेकार हातांना बारा वर्षे काम मिळाले. दलदल आटली आणि तिच्या जागी शेते झाली. रुगेलची थोडी पाणथळ मात्र तशीच राखून ठेवली आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे निळी फुले फुलतात आणि ती पाहायला लोक जातात. नदीलाही तिची थोडी जागा ठेवली, असे मी मनाशी म्हटले.

चौथ्या दिवशी परतताना शानमधले कारखाने पाहिले. भिंतींना भोके पाडणारी जी यंत्रे आपल्याकडे बांधकामावर दिसतात, त्यांतल्या एका प्रख्यात कंपनीचे मुख्य ठाणे इथे आहे. कृत्रिम दात बनवणारा मोठा उद्योगही इथलाच. रोज सकाळी स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियातून माणसे कामाला येतात; देशातल्या एकूण नोकरदारांपैकी निम्म्याहून अधिक असे सीमेपलीकडून येणारे आहेत. गुप्त खात्यांची ख्याती खोटी नव्हती. २००९ मध्ये या देशाने करविषयक माहिती इतर देशांना देण्याचे आंतरराष्ट्रीय नियम मान्य केले, तेव्हापासून तो व्यवहार बदलत गेला. पण बसच्या खिडकीतून मला त्या इमारतींपेक्षा बांध अधिक दिसत होता. त्या बांधावरून मुले सायकली चालवत होती.

सांगलीला आल्यावर पहिल्याच रविवारी दादांकडे गेलो. पुतण्यालाही बसवून घेतले. फोटो दाखवले, पूल दाखवला, गाईंची हृदये दाखवली, आणि मग नदीची सारी हकीकत सांगितली. दादा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे उठले नाहीत."

"उठले नाहीत," मी म्हणालो, "पण नुसता बांध उंच करत बसलेही नाहीत. पाणी येणार हे धरून रचना बदलली. गाव उतारावर, सपाटीवर शेत, आणि ओढ्याला वेगळी वाट." मग मी माझा जुना कागद त्यांच्याकडे परत मागितला. तो त्यांच्या पाकिटात अजून होता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही तिघांनी मिळून नवा हिशेब मांडला. तळमजल्यावर फक्त गादी आणि चार दिवसांचा विक्रीचा माल. बाकी साठा विश्रामबागच्या भाड्याच्या गुदामात, तो सारा पुतण्याच्या ताब्यात. पेठेतली लाकडी कपाटे काढून लोखंडी, चाकांवरची. जून ते सप्टेंबर हिशेबाची कागदपत्रे पेठेत ठेवायची नाहीत. पुतण्याने दोन कलमे स्वतःहून घातली. दादांनी एकच घातले: दुकानाची पाटी जागेवरून हलवायची नाही.

आबांच्या खतावण्यांची ती वीट दादांनी जपून ठेवली आहे. त्यातली दोन-चार पाने अजूनही वाचता येतात. गेल्या दिवाळीत नव्या वहीचे पूजन झाल्यावर ती वीट पुतण्याने स्वतः उचलली आणि विश्रामबागच्या गुदामात, सर्वांत वरच्या फळीवर नेऊन ठेवली.